कमाटीबागेतला देवमासा कुठल्या गावचा?

प्रति,
मही नदीच्या मुखापासून गुजरातच्या टोकाच्या ओख्यापर्यंत ज्यांच्या परवानगीशिवाय मेलेल्या देवमाशालाही हात लावता येत नाही, ते सर्व अधिकारी;
आणि अशा प्राण्यांची हाडं ज्यांच्या ताब्यात आहेत, ते संग्रहालयांचे सर्व अभिरक्षक.

सप्रेम नमस्कार.

मी बडोद्याचा. डांडिया बाजारात जन्मलो, तिथेच वाढलो आणि छत्तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये बाटल्यांवर लेबलं चिकटवून निवृत्त झालो. आमच्या शहराला समुद्र नाही. पण देवमासा आहे. कमाटीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सत्तर फुटांहून लांब सांगाडा आहे. १९४० च्या दशकात हा प्राणी महीच्या मुखाशी येऊन अडकला, मेला आणि त्याची हाडं इथे आली. बडोद्यातल्या मराठी घरांत पाहुणा आला की त्याला तीन गोष्टी दाखवायच्या असा रिवाजच होता: राजवाडा, ममी आणि देवमासा. माझ्या वडिलांनी मला तो पावलांनी मोजायला लावला होता. तेव्हा छत्तीस पावलं भरली. ते म्हणायचे, "बिचारा वाट चुकला."

हे वाक्य मी पुढे माझ्या मुलांनाही ऐकवलं. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा कुठे लक्षात आलं की वाट चुकला असं म्हणायचं तर त्याची वाट कोणती होती हे आधी ठाऊक असायला हवं. तो कुठून निघाला होता? श्रीलंकेच्या बाजूचा होता, ओमानच्या बाजूचा होता, की पार दक्षिण ध्रुवाकडचा? या प्रश्नाचं उत्तर गेली ऐंशीएक वर्षं त्या हाडांच्या आतच पडून आहे. ते काढायला चिमूटभर भुकटी पुरते. हे पत्र त्या भुकटीसाठी आणि तिच्यापेक्षाही महत्त्वाच्या आणखी एका गोष्टीसाठी आहे: किनाऱ्याला मेलेला देवमासा किंवा डॉल्फिन लागला की दर वेळी त्याच्या कातडीचा एक तुकडा डीएनएसाठी जपून ठेवावा.

पत्र मराठीत का, असं कुणी विचारील. गुजरातीतला रीतसर अर्ज वेगळा देतो आहे. पण महाराष्ट्राचा आणि गुजरातचा किनारा नकाशावर जिथे तुटतो तिथे पाण्यात कसलीच रेघ नाही. सिंधुदुर्गापासून ओख्यापर्यंत त्याच जातींचे डॉल्फिन आहेत आणि त्याच जातींचे देवमासे. तेव्हा ज्यांना मराठी वाचता येतं अशा सगळ्यांच्या देखत ही मागणी केलेली बरी.

आधी एक पाहिलेली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता सौराष्ट्रात देवदर्शनाला गेलो होतो. सकाळी किनाऱ्यावर फिरताना माणसांचं कोंडाळं दिसलं. मधोमध राखी रंगाचा, जेमतेम माणसाएवढा लांब एक प्राणी पडला होता. डोकं गोल, चोच नाही, आणि पाठीवर परच नाही. एक जण म्हणाला डॉल्फिन, दुसरा म्हणाला दरियाई गाय. थोड्या वेळाने जीप आली. कुठल्या खात्याची ते सांगत नाही, कारण आलेली माणसं मनापासून काम करत होती. मला "काका, आघा रहो" म्हणून मागे सारलं, टेप लावून लांबी घेतली, फोटो काढले, पंचांच्या सह्या घेतल्या. एका तरुण पशुवैद्याने पोट उघडून यकृताचा तुकडा काढला आणि बाटलीत टाकला. मी वाकून बाटलीवरचं लेबल वाचलं: फॉर्मलीन. मग जेसीबीने खड्डा खणला, प्राणी त्यात ढकलला आणि वर दोन पोती मीठ ओतलं.

माझा सगळा जन्म फॉर्मलीनच्या वासात गेला, म्हणून सांगतो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहायच्या असतील तर फॉर्मलीनसारखं दुसरं काही नाही. पण डीएनए काढायचा असेल तर त्यासारखा शत्रू नाही. ते प्रथिनं आणि डीएनए एकमेकांना असं घट्ट डकवून टाकतं की नंतर हाती येतात ते तुकडे. त्या दिवशी त्या प्राण्याच्या कातडीचा हरभऱ्याएवढा तुकडा वेगळ्या कुपीत घालून त्यावर खड्ड्यावरल्या पोत्यातलं मूठभर मीठ टाकलं असतं, तरी काम झालं असतं. मीठ होतं, चाकू होता, पशुवैद्य होता. फॉर्ममध्ये तेवढा रकाना नव्हता. मी तिथे उभा होतो आणि मीही बोललो नाही. लोक काय म्हणतील, म्हातारा उगाच मधे मधे करतो, एवढ्याच भिडेपायी. घरी येऊन पुस्तकात पाहिलं तेव्हा कळलं की तो बिनपराचा पॉरपॉइज, म्हणजे डॉल्फिनचा एक नातलग, असावा.

आपल्याकडे बेवारस माणूस मेला तरी पंचनाम्यात त्याची ओळख पटवायची सोय ठेवतात. देवमासा, डॉल्फिन, डुगाँग (म्हणजे दरियाई गाय) हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतले, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसणारे प्राणी. त्यांचा पंचनामा मात्र लांबी, रुंदी आणि विल्हेवाट यांवर संपतो. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२१ मध्ये किनाऱ्याला लागणाऱ्या मोठ्या सागरी प्राण्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. म्हणजे तत्त्व म्हणून यात नवं काही मागत नाही. मी मागतो आहे ती कुपी, दर वेळी, जीपच्या डिकीत.

आता यातून साधायचं काय, ते सांगायला हवं. नाहीतर वाटेल की म्हाताऱ्याला मेलेल्या माशांचा छंद लागला आहे. (देवमासा मासा नाही हे मला ठाऊक आहे. पण मराठीने त्याला मासा म्हटलं आणि वर देवही केलं, त्याला माझा इलाज नाही.)

आमच्या गल्लीत जवळपास सगळी घरं गायकवाडांच्या पदरी म्हणून आलेल्यांची. पाच-सहा पिढ्या बडोद्यात गेल्या, जेवणात आमटीत गूळ जास्त पडू लागला, मुलं आपसात गुजराती बोलतात. पण कुलदैवत विचारा, कुणाची जेजुरी, कुणाचं तुळजापूर, कुणाचं थेट कोकणातलं एखादं गाव. राहतं घर एक सांगतं, कुलदैवत दुसरं. डीएनएचा एक छोटा भाग अगदी असाच वागतो. पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. बापाचा त्यात वाटा नाही. आईची, आजीची, पणजीची खूण जशीच्या तशी खाली उतरत जाते आणि हजारो वर्षांत क्वचित एखादं अक्षर बदलतं. म्हणून एखाद्या प्राण्याचा पत्ता हरवला तरी त्याच्या आईकडचं घराणं सापडतं.

देवमाशांत याला विशेष अर्थ आहे, कारण पिल्लू पहिली वारी आईच्या अंगाला चिकटून करतं. ती जिथे चरायला नेते ती जागा ते आयुष्यभर धरून ठेवतं. उत्तर प्रशांत महासागरात २००४ ते २००६ या काळात अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून हंपबॅक देवमाशांचा अभ्यास केला. दोन हजारांहून जास्त कातडीचे नमुने तपासले. वरवर पाहता सगळे एकाच समुद्रात मिसळणारे. पण आईकडच्या डीएनएने दाखवलं की चरण्याच्या जागा घराण्यागणिक वाटलेल्या आहेत. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. एका जागचे देवमासे संपले तर शेजारचे येऊन ती जागा भरतील असं धरून चालता येत नाही, कारण ती वाट शिकवणारी आईच उरलेली नसते.

अधिवास महत्त्वाचा आहे की नाही हे नुसतं मोजून का कळत नाही, ते यात आलं. मोजणी वाईट असं मी म्हणत नाही. २०२४ मध्ये गुजरात सरकारने डॉल्फिनची गणना जाहीर केली. एकूण ६८०, त्यातले ४९८ कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाच्या पट्ट्यात आणि भावनगरकडे १०. चांगलं काम झालं. पण ते १० कोण? ४९८ पैकी काही भटकत आलेले, की खंबातच्या आखातात पिढ्यान् पिढ्या राहिलेलं वेगळं बिऱ्हाड? पहिलं खरं असेल तर भावनगर म्हणजे पाहुण्यांचा मुक्काम. दुसरं खरं असेल तर तो एका उरल्यासुरल्या घराण्याचा वाडा आहे, आणि तिथली एक जाळी किंवा एक जेट्टी त्या घराण्याचा निर्वंश करू शकते. दुर्बिणीतून दोन्ही डॉल्फिन सारखेच दिसतात. फरक कातडीच्या तुकड्यात आहे.

न्यूझीलंडमध्ये हे झालेलं आहे. तिथल्या उत्तर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे छोटे डॉल्फिन आणि दक्षिण बेटाचे हेक्टर डॉल्फिन एकच समजले जायचे. हाडांचं माप आणि डीएनए मिळून २००२ मध्ये ठरलं की उत्तरेकडची वेगळी उपजात आहे. तिचं नाव माउई. मग कातडीच्या नमुन्यांवरून एकेक प्राणी ओळखून मोजणी झाली तेव्हा २०१०-११ मध्ये एक वर्षाच्या वरच्या वयाचे फक्त ५५ भरले. त्याच नमुन्यांत दक्षिण बेटाचे काही हेक्टर डॉल्फिनही निघाले, म्हणजे शेकडो किलोमीटर पोहून आलेले पाहुणे. ते नुसते डोळ्यांनी कुणाला ओळखू आले नसते. मला त्यातलं सगळ्यांत आवडलेलं काम मात्र वेगळं आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी हेक्टर डॉल्फिनची पूर्वीची विविधता शोधायला संग्रहालयांत पडलेले १८७० पासूनचे नमुने उघडले. कुणीतरी दीडशे वर्षांपूर्वी लेबल नीट लावलं होतं, म्हणून ते जमलं. लॅबवाल्याला अशा वेळी ऊर भरून येतो.

आणि आता आपल्या घरची गोष्ट. अरबी समुद्रात हंपबॅक देवमासे आहेत. जगातले बाकी सगळे हंपबॅक उन्हाळ्यात थंड पाण्यात चरायला जातात आणि हिवाळ्यात उबेला विणीसाठी येतात. अरबी समुद्रातले कुठेच जात नाहीत. इथेच खातात, इथेच वितात. हे उघडकीला आलं तेही मेलेल्या प्राण्यांवरून. १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी बंदी धाब्यावर बसवून ओमान, पाकिस्तान आणि आपल्या वायव्य किनाऱ्यासमोर २४२ हंपबॅक मारले. त्यांच्या पोटातल्या गर्भांची मापं जहाजावरच्या लोकांनी टिपून ठेवली होती. १९९७ मध्ये मिखालेव्ह या शास्त्रज्ञाने ती आकडेवारी छापली, तेव्हा दिसलं की यांच्या विणीचं वेळापत्रक विषुववृत्ताच्या उत्तरेचं आहे. म्हणजे हे दक्षिणेकडून आलेले पाहुणे नव्हते, इथलेच रहिवासी होते. मग २०१४ मध्ये ओमानच्या किनाऱ्यावरच्या ६७ नमुन्यांचा डीएनए अभ्यास प्रसिद्ध झाला. निष्कर्ष: दक्षिण हिंदी महासागरातल्या भाऊबंदांपासून हे सुमारे ७०,००० वर्षांपूर्वी तुटले आणि तेव्हापासून जवळपास सोयरीकच नाही. ओमानच्या बाजूला यांची संख्या शंभराच्या आतच मोजली गेली आहे.

सत्तर हजार वर्षं एका समुद्रात राहिलेलं घराणं. त्यांना शेजार नाही, रोटीबेटी नाही. २०१७ च्या शेवटी ओमानजवळ एका मादीच्या पाठीवर उपग्रहाची खूण लावली होती. लोबानावरून तिचं नाव ठेवलं होतं लुबान. ती अरबी समुद्र ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्याला आली आणि खाली कन्याकुमारीपर्यंत जाऊन आली. म्हणजे यांच्या दुसऱ्या अंगणात आपण राहतो. गुजरात-महाराष्ट्राच्या किनाऱ्याला मेलेला हंपबॅक लागतो तेव्हा तो त्या मोजक्यांपैकी एक असण्याची शक्यता फार मोठी असते. त्याला मिठात पुरून हात झटकायचे, याला मी काय म्हणू?

जगात आता सागरी सस्तन प्राण्यांसाठी महत्त्वाची क्षेत्रं आखायचं एक काम सुरू आहे. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या कृतिदलाने २०१३ पासून ते हाती घेतलं. पश्चिम हिंदी महासागर आणि अरबी समुद्राची बैठक २०१९ मध्ये ओमानमधल्या सलालाला झाली. या क्षेत्रांना कायद्याचा आधार नाही. तिथे जाऊन कुणी बोटी अडवू शकत नाही. पण जहाजांचे मार्ग, बंदरं, तेलाचा शोध असल्या गोष्टी ठरवताना हा नकाशा टेबलावर येतो, आणि टेबलावर काय आहे यावर पुष्कळ ठरतं. श्रीलंकेच्या दक्षिणेला निळ्या देवमाशांच्या वस्तीतून मालवाहू जहाजांचा मार्ग जात होता. २०२२ मध्ये एमएससी या जहाज कंपनीने आपली जहाजं सुमारे १५ सागरी मैल दक्षिणेला सरकवली. देवमासे कुठे असतात हे ठाऊक होतं म्हणून सरकवता आली. क्षेत्र आखायच्या निकषांत छोट्या, स्थायिक समूहांचा निकष आहे, आणि जनुकीय वेगळेपणाचाही आहे. तो निकष लावायचा तर जनुकीय माहिती लागते. आणि ती येते कुपीतून.

अडचणी मला कळतात. जिवंत देवमाशाच्या कातडीचा नमुना घ्यायला धनुष्यातून पोकळ टोकाचा बाण मारावा लागतो. तो कातडीला लागून बोटाच्या पेराएवढा तुकडा घेऊन पाण्यावर तरंगतो. त्याला बोट लागते, डिझेल लागतं, परवानगी लागते. पाण्यातूनच डीएनए गाळून काढायचं तंत्रही आलं आहे. अमेरिकेत किलर व्हेल निघून गेल्यावर दोन तासांपर्यंत तिथल्या पाण्यात त्यांचा माग सापडला होता. पण आपल्या खंबातच्या आखातातल्या गाळाच्या पाण्यात आणि दहा-अकरा मीटरच्या भरतीत ते कितपत चालेल याबद्दल मला शंका आहे. ज्यांनी कावी-कंबोईला स्तंभेश्वराचं देऊळ भरतीत बुडताना पाहिलं आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. त्या पाण्याला हात लावला तर तळवा चॉकलेटी होतो.

आणखी एक खरी अडचण आहे, आणि ती लपवून मागणी करणं बरं नाही. मेलेला प्राणी जिथे लागतो तिथे तो राहत असतोच असं नाही. वारा आणि प्रवाह त्याला शे-दोनशे किलोमीटर आणून टाकतात. आमचा कमाटीबागेतला देवमासा महीत राहत नव्हता हे शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा किनाऱ्यावरच्या प्रेतांचे ठिपके नकाशावर मांडून त्याला अधिवास म्हणणं चूकच. पण नेमकं म्हणूनच जनुकीय नमुना हवा. प्रेत म्हणजे पत्ता फाटलेलं पाकीट. आतली चिठ्ठी वाचली तर कुणाचं ते कळतं, मात्र त्यासाठी जुळवून पाहायला पत्त्यांची वही हवी. वही एका नमुन्याने होत नाही. वीस-तीस वर्षं, दर वेळी, न चुकता घेतलेल्या नमुन्यांनी होते. आणि कुलदैवताचं सांगितलं ते इथेही लागू आहे: डीएनए मूळ सांगतो, सध्याचा मुक्काम सांगत नाही. दिसल्याच्या नोंदी, आवाजाच्या नोंदी आणि हे, तिन्ही एकावर एक ठेवावं लागतं.

डुगाँगचं उदाहरण आपल्या दाराशीच आहे. कच्छचं आखात, मन्नारचं आखात आणि पाल्कची सामुद्रधुनी, अंदमान-निकोबार, एवढ्याच ठिकाणी आपल्याकडे तो उरला आहे. २०१९ मध्ये जगभरच्या संग्रहालयांतल्या जुन्या डुगाँगच्या हाडांवरून आणि दातांवरून त्यांची घराणी लावणारा अभ्यास झाला आणि हिंदी महासागरातले समूह किती नाजूक आहेत ते त्यातून पुढे आलं. आपल्या देशातल्या शास्त्रज्ञांनीही भारतातल्या डुगाँगचा डीएनए वाचला आहे. तमिळनाडूने २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचं डुगाँग राखीव क्षेत्र जाहीर केलं. कच्छच्या आखातात तर १९८२ पासून देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे उरलेल्या मूठभर डुगाँगपैकी एक मेला आणि त्याचा तुकडाही ठेवला नाही, तर ते नुकसान कुठल्याच निधीने भरून येत नाही.

प्रयोगशाळा नाहीत असंही नाही. हैदराबादला सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन केंद्राची लुप्तप्राय प्राण्यांसाठीची प्रयोगशाळा आहे, डेहराडूनला भारतीय वन्यजीव संस्था आहे, कोचीच्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेने फार पूर्वीच आपल्या सागरी सस्तन प्राण्यांच्या जाती डीएनएवरून ओळखून दाखवल्या आहेत. अडतं ते पहिल्या पायरीवर, वाळूत.

म्हणून मागणी नेमकी करतो. किनाऱ्यावरच्या वनखात्याच्या प्रत्येक रेंजच्या कार्यालयात दहा कुप्या ठेवा. त्यात ९५ टक्के इथेनॉल, नाहीतर मिठाचं संपृक्त द्रावण आणि डीएमएसओ नावाचं रसायन. दुसरं अधिक सोयीचं, त्याला फ्रिज लागत नाही आणि आगही लागत नाही. प्राणी कितीही सडलेला असो, कातडीचा एक तुकडा घ्या. कातडी गेली असेल तर दात किंवा हाड घ्या. डीएनएवरून नर-मादीही कळते, त्यामुळे ओळखू न येणाऱ्या गोळ्याचाही उपयोग होतो. पंचनाम्यात एक ओळ वाढवा: नमुना घेतला / नाही, नसल्यास कारण. त्या "कारण" शब्दाची किंमत सरकारी माणसाला वेगळी सांगायला नको. आणि नमुना प्रयोगशाळेला पाठवायची परवानगी दर वेळी नव्याने मागायला लावू नका. अनुसूचीतल्या प्राण्याचा तुकडा जवळ ठेवणं हाही गुन्हा ठरू शकतो, या भीतीनेच खालचा माणूस खड्डा खणून मोकळा होतो. वर्षभराची एकच परवानगी द्या, जिल्ह्याच्या नावाने.

माछीमारांना यात घ्या. याच गुजरातच्या किनाऱ्यावर २००४ पासून व्हेल शार्क वाचवायची मोहीम चालली. कथाकार मोरारीबापूंनी त्याला वहाली, म्हणजे लाडकी, म्हटलं, लेक म्हटलं. माछीमार स्वतःची जाळी कापून त्याला सोडू लागले आणि जाळ्याची भरपाई मिळू लागली. ज्या माणसाने दहा हजारांचं जाळं कापलं, तो कातडीचा एक तुकडा कुपीत घालणार नाही असं मला वाटत नाही. फक्त त्याच्यावरच गुन्हा दाखल होणार नाही एवढी हमी त्याला द्या.

संग्रहालयवाल्यांना वेगळं सांगतो. तुमच्याकडची हाडं म्हणजे नुसता देखावा नाही. दक्षिण जॉर्जिया बेटावर देवमाशांच्या जुन्या कत्तलखान्यांशेजारी पडलेल्या हाडांतून शास्त्रज्ञांनी डीएनए काढला आणि विसाव्या शतकातल्या शिकारीने अंटार्क्टिक निळ्या देवमाशांची किती घराणी बुडवली त्याचा हिशेब मांडला. त्यांनी वाऱ्यापावसात पडलेल्या हाडांतून काढला, तुमची तर छपराखाली आहेत. बाहेरून दिसणार नाही अशा जागी, घट्ट हाडात, बारीक ड्रिलने चिमूटभर भुकटी. उत्तर हिंदी महासागरातल्या निळ्या देवमाशाला ब्लाइथ या प्राणिशास्त्रज्ञाने १८५९ मध्येच वेगळं नाव दिलं होतं, इंडिका. एका सांगाड्यावरून छातीठोक निकाल लागणार नाही, पण तो इंडिकांच्या वहीत बसतो की अंटार्क्टिकच्या, एवढं तरी कळेल. आणि तो या समुद्रावर सोव्हिएत शिकारी जहाजं यायच्या आधीचा नमुना आहे. तसे फार थोडे असतील.

यात बडोद्याला नवीन काही नाही, उलट मागे पडलेलं आहे. ओखामंडळ, म्हणजे ओख्याभोवतीचा मुलूख, बडोदे संस्थानात होतं. सयाजीराव महाराजांनी जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाला बोलावून तिथल्या समुद्रातल्या जीवांची पाहणी करवली आणि बडोदे सरकारने तिचा अहवाल छापला, पहिला भाग १९०९ मध्ये, दुसरा १९१६ मध्ये. समुद्रापासून दूर बसलेल्या राजाला वाटलं की माझ्या किनाऱ्यावर काय काय राहतं हे मला लेखी हवं. हा अहवाल मिळवून पाहा. नुसती यादी नाही, कुठे सापडलं तेही आहे.

शेवटी खर्चाचं. कुप्या, द्रावण, लेबलं, चिमटा, हातमोजे. एका रेंजचा वर्षाचा खर्च एका जेसीबीच्या दिवसभराच्या भाड्यापेक्षा जास्त येणार नाही, आणि ते भाडं आपण देतोच आहोत. पहिल्या पाच कार्यालयांचे संच मी माझ्या पेन्शनमधून भरून द्यायला तयार आहे. घ्यायची परवानगी असेल तर कळवावं. नसेल तरी कळवावं.

आपला,
डांडिया बाजारातला एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
बडोदे

ता. क. लेबल पेन्सिलीने लिहायला सांगा, आणि एक चिठ्ठी कुपीच्या आतही टाका. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्या हातून अकरा बाटल्या अशा निनावी झाल्या होत्या. त्या कुणाच्या होत्या ते शेवटपर्यंत कळलं नाही.